हातांचे शिक्षण : वर्ध्याहून पाबळपर्यंत

शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या हातांनाही शिक्षण हवे, हे तत्त्व आपल्या देशात फारसे कोणी नाकारले नाही. ते अडले ते वेळापत्रकापाशी. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला. तरीही बहुतेक शाळांत हा तास उपचारापुरताच राहिला. ज्या विषयाला परीक्षेत वजन नाही, त्याची पालकांना आस्था नव्हती. आणि ज्या कामाचा कोणालाच उपयोग नाही, त्यात मुलांना गोडी नव्हती.

या दोन्ही अडचणींवर उपाय शोधण्याचे काम एका स्वयंसेवी संस्थेने केले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. तिचे एक केंद्र म्हणून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी 'विज्ञान आश्रम' सुरू झाला. त्याचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातील मानाची जागा मुदतीपूर्वीच सोडून ते सपत्नीक या माळरानावर राहावयास आले.

कलबागांचा विचार साधा होता. मूल चालायला आणि बोलायला शिकते, ते प्रत्यक्ष करून. मग विज्ञान तेवढे फळ्यावरूनच का शिकवावे? त्यांनी आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील एक दिवस कामाला दिला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग आखले. कोणत्याही एका धंद्यात मुलाला जखडून टाकावयाचे नाही, म्हणून प्रत्येकाने चारही विभागांत काम करावयाचे. लोखंडाचे सांधकाम, वीजजोडणी, मातीपरीक्षण, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी ही कामे मुलगे व मुली यांनी सारखीच शिकावयाची. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच कुशल कारागीर असावयाचे. शिवाय केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे आणि गावाने त्याचे मोल द्यावे, असा आग्रह होता. वाकडा सांधा गिऱ्हाईक स्वीकारीत नाही. ही परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेहून कठोर असते.

निरुपयोगी कामाचा प्रश्न असा सुटला, राहिला गुणांचा. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या अभ्यासक्रमाला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्याचे गुण शालान्त परीक्षेत धरले जाऊ लागले. स्वयंसेवी संस्थेच्या नेतृत्वाची खरी कसोटी येथेच लागते. आदर्श शाळा उभारणे कठीण खरे. पण आपला प्रयोग सरकारी चौकटीत बसवून सामान्य शाळेच्या हाती देणे त्याहून कठीण. त्यासाठी मान्यतेचे अर्ज, साहित्याच्या याद्या, निदेशकांचे प्रशिक्षण अशी रुक्ष कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. त्यांत कीर्ती नसते.

डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे कार्य पुढे चालू राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, अशी शिफारस केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु दहा दिवसांत सुताराची ओळख होते, सुतारकाम येत नाही. पाबळने मागितला होता तो दर आठवड्याचा एक दिवस, आणि त्या दिवसासाठी गावच्या कारागिराला शिक्षकाचा मान व नियमित वेतन. तत्त्वाला संमती देणे सोपे असते. हा दिवस वेळापत्रकात आणि हे वेतन अंदाजपत्रकात दिसेल, तेव्हाच वर्ध्याला मांडलेला विचार खऱ्या अर्थाने स्वीकारला असे म्हणता येईल.