तिकीट काढणारा रसिक

कोणाचे गाणे ऐकायचे हे ऐकणाऱ्याने ठरवावे, यात नवल ते काय, असे आज कोणीही म्हणेल. पण हा अधिकार तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हाती येऊन फार काळ लोटलेला नाही. नाटकाला तिकीट होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली लोकांनी पैसे मोजूनच पाहिले. शास्त्रोक्त गाण्याची गोष्ट मात्र निराळी. ते चाले राजवाड्यात, सरदारांच्या दिवाणखान्यात, नाही तर देवळाच्या उत्सवात. यजमान ज्याला बोलावील तो गवई, आणि यजमान ज्याला बोलावील तोच रसिक!

या व्यवस्थेत गवयाचा मान तो काय असणार? मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा थोर गायक होता. एका समारंभाचे निमंत्रण त्यांच्या तरुण शिष्याला आले आणि बुवांना आले नाही. ते तर नुसते गवई, असे उत्तर मिळाले, म्हणून सांगतात. तो शिष्य म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १८९६ साली मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या तनख्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि जाहीर जलशांवर ते चालवले. तिकिटाचा तो चिटोरा लहान, पण त्याने गवयाला हुजऱ्यांच्या रांगेतून उठवले आणि कारकुनाला, मास्तराला रसिक केले. पुढे हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर बैठकीत गायल्या, तेव्हा गाणाऱ्या स्त्रीलाही हा मान मिळू लागला.

दुसरी किमया केली तबकडीने. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्याला तेवढ्यात तो आटोपावा लागे. पण हे तीन मिनिटांचे गाणे बाजारपेठेतही वाजे, आणि तेथे निमंत्रण कोणी विचारीत नसे. गदगच्या एका शाळकरी पोराच्या कानी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशीच पडली. १९३३ साली अकराव्या वर्षी ते पोर गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पार जालंदरपर्यंत भटकल्यावर तेथे त्याला विनायकबुवा पटवर्धन भेटले. हे पलुसकरांचेच शिष्य. त्यांनी सांगितले, “बाबा रे, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा.” मुलगा कुंदगोळास परतला. हेच भीमसेन जोशी. गुरू १९५२ साली वारल्यावर त्यांनी १९५३ पासून पुण्यात पुण्यतिथीचा उत्सव मांडला आणि तो हजारोंचा झाला.

गेले दोन महिने भाच्याने फोनवर भरून दिलेल्या याच जुन्या तबकड्या मी रोज रात्री ऐकतो आहे. मध्ये खरखर फार आहे. पण खाँसाहेबांचा सूर लागला की ती ऐकू येईनाशी होते. आणि नेमका आता प्रश्न उभा राहिला आहे तो दिवाळी पहाटेचा!

आमच्या गावात एकाच पहाटे दोन कार्यक्रम आहेत. मैदानावर मोठ्या नावांचा थाट आहे, नाट्यपदे आहेत, वर फराळही आहे. त्याचे पास एक पुढारी घरोघर वाटीत आहेत. दुसरीकडे एका लहानशा सभागृहात एक तरुण मुलगी तोडी गाणार आहे. तिचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही, आणि तिला तिकीट आहे. घरची मंडळी म्हणतात, “फुकटचे सोडून पैसे का घालवायचे?” नाट्यपदे मलाही जीव की प्राण आहेत. मैदानावर जाणाऱ्यांनी खुशाल जावे, आनंदच आहे. पण पास हातात आला की मला मिरजेचे ते निमंत्रण आठवते. पास देणारा ठरवतो की मी काय ऐकावे. मैदान तर माझ्यावाचूनही भरेल; त्या मुलीच्या समोरची एक रिकामी खुर्ची मात्र तिला दिसेल.

मी दोन तिकिटे काढली आहेत. दुसरे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे. गणिताच्या तासाला तो बाकावर ठेका धरतो, म्हणून आजवर मी त्याला अनेकदा दटावले आहे. बघू या, तोडी त्याला कशी वाटते ते!