पाणलोटाची रेघ आणि आरेखक

महाराष्ट्रातील पाणीप्रश्नाचा इतिहास सांगताना धरणे येतात, अभियंते येतात, मंत्रीही येतात. आरेखक मात्र कुठेच दिसत नाही. तरीही राज्यातल्या हजारो विहिरींचे भवितव्य ज्या रेघांवर ठरत आले, त्या रेघा कागदावर उतरवणारा हात त्याचाच होता.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकाच्या प्रारंभी उभी राहिली. १९७२च्या दुष्काळाने जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मांडण्याची निकड दाखवून दिली. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा. या खडकात पाणी भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमात साठते; तालुक्याची हद्द त्याला ठाऊक नसते. म्हणून हिशेबाचे एकक ठरले पाणलोट क्षेत्र. राज्याची १,५०५ पाणलोटांत विभागणी झाली. पुढे ही संख्या १,५३१ झाली. प्रत्येकाला खोऱ्यानुसार सांकेतिक क्रमांक मिळाला. भीमा खोऱ्यातील पाणलोट ‘बीएम’ या अक्षरांनी ओळखले जातात.

ही विभागणी प्रत्यक्षात कशी होते? भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशापत्रक समोर घ्यायचे. समोच्च रेषेचे टोक चढाकडे वळले की तिथे ओढा, उताराकडे वळले की डोंगराची सोंड. सोंडेमागून सोंड जोडत माथ्यावरून रेघ न्यायची आणि ओढा जिथे मोठ्या नदीला मिळतो तिथे ती मिटवायची. अनुरेखक म्हणून नोकरीला लागलेला माणूस आधी दुसऱ्याची रेघ ट्रेसिंग कागदावर गिरवायला शिकतो. सहायक आरेखक, मग आरेखक होईपर्यंत त्याला नकाशा पाहताच पाणी कुठून कुठे जाईल हे कळू लागते.

इथे प्रमाणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १:५०,००० या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ २५ मीटर जमीन झाकते. एखाद्याची विहीर त्या जाडीत सहज मावते.

१९९३च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानंतर ही जाडी कायद्याच्या कक्षेत आली. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आले आणि अतिशोषित पाणलोट घोषित करण्याची तरतूद झाली. तेव्हापासून शेत रेघेच्या अलीकडे की पलीकडे, यावर विहिरीची परवानगी अवलंबून राहू शकते. शिवाय जमिनीवरचा माथा हाच भूगर्भातला जलविभाजक असेल, याची खात्री कठीण खडकात नेहमी देता येत नाही. चांगला आरेखक ही मर्यादा जाणून असतो. नकाशा वाचणारा अधिकारी ती विसरू शकतो.

पुढे संगणक आला. लेखणी गेली आणि हातनकाशाचे अंकीकरण होऊ लागले. पण अंकीकरणाने रेघ अधिक अचूक होत नाही, फक्त अधिक ठाम दिसते. पडद्यावर ती कितीही मोठी करून पाहता येते; तिचे मूळ प्रमाण मात्र ५०,०००च राहते.

म्हणून जिल्हा कार्यालयांत जुनी ट्रेसिंग्ज असतील, तर ती काढणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेसह जतन व्हायला हवीत. ज्या शेतकऱ्याची विहीर रेघेखाली सापडते, त्याला ती रेघ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ओढली हे विचारण्याचा हक्क आहे. उत्तर त्या कागदावरच आहे.