जुन्या मोटार-सायकलीची कुंडली

घोडा विकत घेतांना त्याचे दांत पाहतात आणि जमीन घेतांना सातबारा पाहतात. जुनी मोटार-सायकल घेतांना मात्र पुष्कळांची नजर प्रथम टांकीच्या रंगावर जाते आणि कान इंजिनाच्या आवाजाकडे लागतात. रंग नवा देतां येतो. आवाजहि कुशल कारागिराच्या हातीं सुधारतो. जें असें नवें करतां येत नाहीं, तें सरकारी दप्तरांत असतें. एखाद्या कुटुंबानें वर्षानुवर्षें जिवापाड जपलेली फटफटी विकावयास काढली, म्हणजे लोखंडाबरोबर तिची कुंडलीहि विक्रीस निघते. ही कुंडली कित्येकदां मोठी चमत्कारिक असते, आणि विकणाराचा प्रामाणिकपणा तेथेंच कसोटीस लागतो.

वाहनावर क्रमांक लावण्याची चाल फार जुनी नाहीं. पॅरिसच्या पोलिसांनीं ती १८९३ सालीं सुरू केली. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें ती १९०४ च्या आरंभापासून अमलांत आली. हिंदुस्थानासाठीं १९१४ सालीं मोटार-वाहनांचा कायदा झाला, आणि पुढें १९३९ सालीं त्याची जागा अधिक सविस्तर कायद्यानें घेतली. क्रमांकाचा मूळ हेतु साधा होता. भरधाव वाहन कोणास धक्का देऊन निघून गेलें, तर त्याचा मालक कोण हें कळावें. पाटी ही वाहनाची शोभा नसून मालकाच्या जबाबदारीची खूण आहे. पुढील सारा इतिहास वाचतांना एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली, तर त्यांतील गुंतागुंत सहज उलगडते.

ही गुंतागुंत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानें निर्माण केली. निरोप पोंचविण्यासाठीं ब्रिटिश सैन्यास मोटार-सायकली हव्या होत्या. बी. एस. ए. कंपनीनें आपली एम-२० ही पांचशें सी. सी. ची गाडी सव्वा लाखाहून अधिक संख्येनें बनविली. नॉर्टन, मॅचलेस, एरियल आणि रॉयल एन्फील्ड यांच्याहि गाड्या सैन्यांत गेल्या. त्यांपैकीं कित्येक हिंदुस्थानांतील छावण्यांत आल्या. सांताक्रूझच्या शेजारीं आज मुंबईचा विमानतळ पसरलेला आहे. तेथेंहि त्या काळीं ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. लष्करी वाहनाची नोंद मुलकी दप्तरांत नसे, ती लष्कराच्या स्वतंत्र वहींत असे. युद्ध संपल्यावर उरलेला माल सरकारनें विकावयास काढला. ‘डिस्पोजलचा माल’ हे शब्द तेव्हां शहरांतून सर्वांच्या तोंडीं झाले, आणि लष्करी रंग उतरवून या गाड्या नागरी रस्त्यांवर फिरूं लागल्या.

येथें कुंडलींत पहिली गांठ पडली. १९४२ सालीं बनलेली गाडी १९४७ सालीं प्रथम मुलकी वहींत आली, तर आपल्या क्रमांकावरून ती पांच वर्षांनीं तरुण दिसे. दुसरी गांठ दुरुस्तीशाळेंतली. युद्धाच्या धांदलींत अनेक गाड्या एकदम उलगडल्या जात, आणि एकीचें इंजिन दुसरीच्या सांगाड्यांत बसविलें जाई. त्यामुळें इंजिनाचा क्रमांक आणि सांगाड्याचा क्रमांक यांची कारखान्यांतील मूळ जोडी फुटलेली असणें, हें अशा गाडीच्या बाबतींत चोरीचें लक्षण नव्हे. तें लपवून ठेवणें मात्र संशयास जागा देतें.

स्वतंत्र भारताच्या सैन्यांतहि हीच रीत चालू राहिली. लष्करी वाहनाच्या पाटीवर वर टोंक केलेला बाण असतो, त्यापुढें खरेदीच्या सालाचे दोन आंकडे, आणि मग अक्षर व अनुक्रमांक. मद्रासेंत १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तिची बुलेट सैन्यांत रुळली. सेवा संपलेल्या बुलेट लिलावांत नागरिकांच्या हातीं आल्या. १९८८ च्या मोटार-वाहन कायद्याचें साठावें कलम याच संक्रमणासंबंधीं आहे: वाहनाचा संरक्षणासाठीं होणारा वापर संपला, कीं त्यास सर्वसामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. बाण पुसला जातो आणि राज्याचीं अक्षरें येतात. लिलावाची पावती हा त्या दोन जन्मांमधील एकच दुवा असतो. ती हरवली, तर गाडीचें पूर्वायुष्य केवळ ऐकीव गोष्ट होऊन बसतें.

तिसरी गांठ गाडीच्या मालकांनीं घातलेली नाहीं. ती राज्यकारभारानें घातली. सांताक्रूझचेंच उदाहरण पुरेसें आहे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला, त्यांत हें गांव होतें. १९५० सालीं तें बृहन्मुंबईंत आलें, १९६० च्या १ मे रोजीं तें महाराष्ट्र राज्यांत गणलें गेलें, आणि १९९० सालीं उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. एकाच बंगल्याच्या पडवींत उभी असलेली मोटार-सायकल जागची न हलतां इतक्या कारभारांखालून गेली असती! मराठवाड्यांतील गाडी १९५६ पूर्वीं हैदराबाद राज्यांतली होती, नागपुरांतली मध्यप्रदेशांतली. तेथील मालक त्या सालापूर्वीं मुंबईस राहावयास आला, तर तो परराज्यांतून येई. त्यानंतर आला, तर आपल्याच राज्यांत फिरे.

पाट्यांवरील अक्षरेंहि बदलत गेलीं. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर ‘बी. एम.’ पासून आरंभ होणारीं अक्षरें असत. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या काळांत ‘एम. आर.’ आणि ‘एम. एम.’ हीं दिसूं लागलीं. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला, तेव्हां ‘एम. एच.’ ही राज्याची खूण ठरली आणि अंधेरीच्या कार्यालयास ०२ हा आंकडा मिळाला. सांताक्रूझच्या गाड्यांवर दिसतो तो हाच. तथापि पूर्वींच नोंदलेल्या गाड्यांचे जुने क्रमांक चालू राहिले. म्हणूनच एखाद्या जुन्या पाटीवरून तिच्या काळाचा अंदाज करतां येतो, आणि त्या पाटीचें मोल कुटुंबास इतकें वाटतें.

आतां विक्रीचा प्रसंग. कायद्याप्रमाणें विकणारानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांचे आंत आणि घेणारानें तीस दिवसांचे आंत नोंदणी-कार्यालयास हस्तांतर कळवावयाचें असतें. त्यासाठीं एकोणतिसावा व तिसावा असे दोन नमुने भरावे लागतात, आणि सांगाड्यावरील क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीनें त्याची छाप घ्यावी लागते. जुन्या घरांत बहुधा अडचण याच्याहि आधीं उभी राहते. गाडी वडिलांच्या नांवावर असते, वडील जाऊन पुष्कळ वर्षें झालेलीं असतात, आणि मायेपोटीं कोणीं तें नांव बदललेलें नसतें. अशा वेळीं गाडी प्रथम वारसाच्या नांवें व्हावी लागते. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असून पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. तेंहि राहून गेलेलें असतें.

हे सोपस्कार निरर्थक वाटणारांनीं सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल आठवावा. एक मोटार एकापाठोपाठ अनेकदां विकली गेली, परंतु वहींत नांव पहिल्या मालकाचेंच राहिलें. २००९ सालीं तिचा अपघात झाला. भरपाई कोणीं द्यावी, असा प्रश्न आला तेव्हां न्यायालयानें ठरविलें, कीं नोंदवहींत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. गाडी डोळ्यांआड झाली, तरी जबाबदारी दाराशींच उभी राहिली.

जुन्या गाड्यांच्या भल्यासाठींहि एक तरतूद झाली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी मूळ स्वरूपांत असल्यास त्यांस ‘विंटेज’ म्हणून मान्यता देण्याची सोय केली. पूर्वीं नोंद असलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. नव्यानें नोंद होणाऱ्या गाडीस ‘व्ही. ए.’ या अक्षरांचा क्रमांक मिळतो. हीं पन्नास वर्षें बांधणीच्या सालापासून मोजीत नाहींत, नोंदणीपासून मोजतात. लिलावांतून आलेल्या गाडीच्या बाबतींत त्या दोन सालांमधील अंतर कागदावर स्पष्ट असणें किती अगत्याचें आहे, हें यावरून दिसून येईल.

म्हणून गाडी विकणारानें किंमत सांगण्यापूर्वीं लिलावाची पावती, जुनें आर. सी. बुक, कराच्या पावत्या आणि इंजिन बदललें असल्यास त्याची नोंद हीं सारीं घेणाराच्या पुढें ठेवावीं. जें नाहीं, तें नाहीं म्हणून सांगावें. त्यामुळें चार पैसे कमी येतील, किंवा एखादा गिऱ्हाईक परतहि जाईल. परंतु जो राहील, तो गाडीचें वय, तिचे दोन्ही क्रमांक आणि तिचा मागचा प्रवास जाणून तिला घरीं नेईल. आणि पुढें त्याला ती विकावयाची झाली, तर त्याच्याजवळहि पुढच्यास दाखविण्याजोगी कुंडली असेल.