दोन वाक्यांमधील सांधा

इंग्रजी भाषा यवतमाळ जिल्ह्यात प्रथम आली ती कचेरीच्या वाटेने. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे हा मुलूख काही काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली दारव्हा व पुसद हे तालुके त्यास जोडले गेले आणि त्याला यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. या काळात कोर्ट, समन्स, स्टेशन, जिनिंग असे शब्द शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात सहज मिसळून गेले. शब्द असे वाऱ्यावर येतात, वाक्य मात्र येत नाही. परक्या भाषेतील दोन विधाने नीट सांधणे आणि अशा वाक्यांचा सुसंगत परिच्छेद रचणे ही विद्या परिश्रमाने मिळवावी लागते. आपल्या समाजाने ती कशी मिळवली आणि आजच्या विद्यार्थ्याला ती का साधत नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आपल्या व्याकरणकारांनी वाक्याचे केवल, मिश्र आणि संयुक्त असे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन स्वतंत्र विधाने प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्ययाने जोडली की संयुक्त वाक्य होते. ही अव्यये चार प्रकारची: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक व परिणामबोधक. नावे जड वाटली तरी गोष्ट शेतकऱ्याच्या घरातील आहे. ‘पाऊस उशिरा आला आणि मजूरही मिळाले नाहीत’ यात दोन अडचणींची बेरीज आहे. ‘पाऊस उशिरा आला, म्हणून पेरणी लांबली’ यात कारण व परिणाम आहे. ‘पाऊस उशिरा आला, पण कपाशी साधली’ यात अपेक्षाभंग आहे. ‘आठवड्यात पाऊस येईल, नाही तर दुबार पेरणी करावी लागेल’ यात विकल्प आहे. इंग्रजीतील ‘अँड’, ‘सो’, ‘बट’ आणि ‘ऑर’ हीच चार कामे करतात. दोन घटनांचे नाते ज्याला उमगले आहे, त्याला अव्यय निवडणे जड जात नाही. ज्याला ते उमगलेले नाही, तो सर्वत्र ‘अँड’ लावून मोकळा होतो.

तथापि दोन्ही भाषांची ठेवण सारखी नाही आणि घोटाळा होतो तो येथेच. ‘ती शेतात जाऊन, कापूस वेचून, गाठोडे बांधून घरी आली’ या वाक्यात पूर्ण क्रियापद एकच आहे. बाकीचा भार ‘ऊन’ प्रत्ययाने वाहिला आहे. इंग्रजीत हाच आशय सांगताना बहुधा तीनचार पूर्ण क्रियापदे मांडून शेवटच्या आधी ‘अँड’ घालावे लागते. याउलट ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ म्हणणे हा मराठीचा स्वभाव आहे. विद्यार्थी त्या स्वभावास अनुसरून ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतो आणि मध्ये ‘बट’ही घालतो. इंग्रजीला या दोहोंपैकी एकच चालते. तसेच दोन पूर्ण विधानांमध्ये नुसता स्वल्पविराम देऊन पुढे जाणे मराठीत खपून जाते. इंग्रजीत तो दोष मानला जातो. या चुका आळसाच्या नव्हेत. मनात घोळत असलेले मराठी वाक्यच इंग्रजी कागदावर उतरलेले असते. शिक्षकाने मराठीचा नियम उघड करून दाखविला, तर चुकीचे मूळ हाती लागते. नुसती तांबडी रेघ ओढल्याने ते लागत नाही.

परक्या वाक्यरचनेकडे अशा डोळस वृत्तीने पाहण्याचे उदाहरण आपल्या वाचकांस परिचयाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज गृहस्थ. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे प्रसिद्ध झाले. आपली मुले आज जो प्रवास करतात, त्याच्या उलट दिशेचा प्रवास या इंग्रजाने केला. लोकांची भाषा कोणत्या नियमांनी चालते याचा त्यांनी अभ्यास केला आणि ते नियम लिहून ठेवले.

इंग्रजीच्या आगमनापूर्वी मराठीत गद्य नव्हते, असा समज कोणी करून घेऊ नये. तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ निर्माण झाले, आणि ज्या महानुभाव परंपरेतून ते आले तिचे रिद्धपूर हे तीर्थ याच वऱ्हाडात आहे. त्यातील छोटी, ठसठशीत वाक्ये आजही ताजी वाटतात. पुढील काळातील बखरी मात्र मोडीत सलग लिहिल्या जात. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, आजच्या अर्थाचा परिच्छेद नाही. वाचणाऱ्याने आपल्या आवाजाने वाक्य तोडावयाचे, अशी ती रीत होती. छापखाना आल्यावर ही रीत पुरेनाशी झाली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. दोन भाषांची वाक्ये अशी नित्य शेजारी बसू लागली. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने विरामचिन्हे मराठी लेखनात रुळली. गद्य आपलेच होते. त्याच्या मांडणीची काही साधने बाहेरून आली, असे म्हणणे रास्त होईल.

परिच्छेदाची हकीकत याहून बोधप्रद आहे. एका परिच्छेदात एकच विषय असावा, तो आरंभीच सूचित व्हावा आणि प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी संबंध स्पष्ट असावा, हे नियम अनादि काळापासून चालत आले असावेत, असे विद्यार्थ्यास वाटते. वस्तुतः स्कॉटिश पंडित अलेक्झांडर बेन यांनी त्यांची पद्धतशीर मांडणी केली ती १८६६ सालच्या आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली १८७४ साली. मधले अंतर अवघे आठ वर्षांचे. विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सन व मेकॉले यांचे लेखन मन लावून वाचले होते. पण त्यांनी उसनी घेतली ती विचार टप्प्याटप्प्याने मांडण्याची शिस्त. त्यांचे लांब, तोललेले वाक्य अस्सल मराठीच राहिले.

सामान्य विद्यार्थ्यास ही शिस्त पाठ्यपुस्तकांनी दिली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर अनेक पिढ्या पोसल्या गेल्या. लहान वाक्यापासून मोठ्या वाक्याकडे जावयाचे आणि मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत सतत ये-जा करावयाची, ही तिची रीत. पुढे नेसफिल्डचे आणि त्यानंतर रेन व मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यांत सुटी वाक्ये जोडून एक करण्याचे आणि एक वाक्य फोडून त्याचे घटक दाखविण्याचे पाठ असत. या पद्धतीत दोष होते. बोलण्याचा सराव नसे आणि पुष्कळांचे इंग्रजी पुस्तकी राही. परंतु सांधा कोठे व कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यास चुकवता येत नसे.

या शिस्तीत घडलेल्या पिढीचा मोठा प्रतिनिधी यवतमाळ जिल्ह्यानेच दिला. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. काही काळ शिक्षकी करून त्यांनी यवतमाळला वकिली केली आणि १९३० साली पुसदजवळ जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. मध्यवर्ती कायदेमंडळात ते इंग्रजीत बोलत, वऱ्हाडातील सभांत मराठीत. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी रचले ते संस्कृत काव्यात. त्या ‘तिलकयशोर्णव’ ग्रंथास १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका भाषेवर पक्की मांड बसली की दुसरी भाषा तिच्या आधाराने उभी राहते, याची यापेक्षा बोलकी साक्ष कोणती हवी?

पुढे १९५३ ते १९८३ या काळात प्रॉटेस्टंट बांधवांची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळ येथे होती. नंतर ती पुण्यास गेली. निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी तेथे इंग्रजीतून शिकत. महाराष्ट्र शासनाने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली आणि जी विद्या पूर्वी थोड्यांची होती, ती प्रत्येक पाड्यावरील मुलाच्या वाट्यास आली. ही न्यायाची गोष्ट झाली. मात्र त्या मुलाची स्थिती बापूजींसारखी नाही. केळापूर, झरी किंवा मारेगावकडील कोलाम मुलाची घरची भाषा कोलामी. ती द्रविड कुळातील. गोंडीही त्याच कुळातील. पुसद-दिग्रसकडील तांड्यावर गोरबोली चालते. अशा मुलाला प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. पहिल्या भाषेतील सांधा कोणी दाखविलेला नसतो, दुसरीतील पक्का झालेला नसतो, आणि तिसरीतील परिच्छेद मात्र परीक्षेत मागितला जातो. मग तो मार्गदर्शिकेतील निबंध तोंडपाठ करतो. त्यात ‘अँड’ आणि ‘बट’ अचूक जागी असतात, पण त्या वाक्यांत त्याचा गाव नसतो, त्याचा पाऊस नसतो, त्याचे स्वतःचे मतही नसते. विषय थोडा बदलला की सारी इमारत कोसळते. येथे गुणांपेक्षा मोठे काही हरवते. आपल्या आयुष्यात कोणत्या गोष्टीमुळे कोणती गोष्ट घडली, हे स्वतःच्या शब्दांत सांगण्याचे बळच त्याला मिळत नाही. उद्या हाच मुलगा कर्जमाफीचा किंवा वनहक्काचा अर्ज दुसऱ्याच्या हातून लिहून घेईल.

आपल्या धर्मप्रांतांतील शाळा, वसतिगृहे व शिक्षक यांच्याकडून म्हणूनच एक अपेक्षा आहे. मुलाला प्रथम त्याच्या भाषेत दोन घटना सांगू द्याव्यात. त्या जोडणारा शब्द त्यालाच शोधू द्यावा. मग तोच सांधा मराठीत आणि शेवटी इंग्रजीत करून घ्यावा. परिच्छेदासाठीही विषय परका नको. यंदाची पेरणी का लांबली, एवढा प्रश्न पुरेसा आहे. पहिल्या वाक्यात उत्तर, पुढील तीनचार वाक्यांत कारणे आणि अखेरीस परिणाम, एवढे साधले तर बेन यांचे सर्व नियम पाळले जातील, आणि मजकूर मुलाचा स्वतःचा असेल.