ऑक्सफर्डचं माहेर

परदेशात एखादी जुनी दणकट गाडी हुडकायची, विकत घ्यायची आणि जहाजात घालून घरी आणायची, या प्रकारच्या गोष्टी मला फार आवडतात. बहुतेक गोष्टींचा साचा एकच. गंजका सांगाडा, घासाघीस, बंदर, कागदपत्रं, आणि शेवटी चकाचक गाडीचा फोटो. मंडळी, आजची गोष्टही तशीच आहे, पण तिच्यातल्या ‘घरी’ या शब्दापाशी मी जरा थांबलो.

सप्टेंबर १९५५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतले सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले. जायचं होतं सिंगापूरला, तेही जमिनीवरून! गडद निळी गाडी ‘ऑक्सफर्ड’, फिकट निळी ‘केंब्रिज’. डेव्हिड अ‍ॅटनबरो तेव्हा बीबीसीत तरुण निर्माते होते, त्यांनी या पोरांना चित्रीकरणासाठी फिल्म दिली. सहांपैकी अँटनी बॅरिंग्टन ब्राऊन म्हणजे १९५३ साली डीएनएच्या प्रतिकृतीशेजारी वॉटसन आणि क्रिक यांचा तो प्रसिद्ध फोटो काढणारा माणूस. भारत ओलांडून आसामातल्या लेडोहून ही मंडळी ब्रह्मदेशात शिरली. महायुद्धात बांधलेला तो रस्ता दहा वर्षांतच रानाने गिळायला घेतला होता. मार्च १९५६ मध्ये दोन्ही गाड्या सिंगापूरला पोचल्या. टिम स्लेसर या त्यांच्यातल्याच एकाने ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक लिहिलं आणि गाड्या अजरामर झाल्या.

पुस्तकात, बरं का. प्रत्यक्षात केंब्रिज पुढच्या एका मोहिमेत दरीत कोसळून संपली. ऑक्सफर्ड पक्षी-अभ्यासकांबरोबर दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर गेली, आणि तिथून पुढे कधीतरी सेंट हेलेना बेटावर. हो, तेच ते, नेपोलियनचं सेंट हेलेना.

आता हे बेट कसं आहे बघा. आफ्रिकेचा किनारा जवळजवळ १,९०० किलोमीटर दूर. नियमित विमानसेवा सुरू झाली ती थेट २०१७ साली. तोवर सुईपासून मोटारीपर्यंत सगळं बोटीने यायचं. अशा ठिकाणी गाडी बंद पडली म्हणून कोणी भंगारात काढत नाही. ती दुरुस्त होते, नाहीतर तिचे भाग दुसरीच्या उपयोगी पडतात. लँड रोव्हरला हे जमण्यासारखं होतं. ती १९४८ साली बाजारात आली तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धानंतरची पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो पत्रा पोलादापेक्षा बराच टिकतो. खालची चासी मात्र पोलादाची, ती गंजायचीच.

पुढे इंग्लंडमधल्या एका हौशी संग्राहकाने ही गाडी विकत घेतली आणि २०१७ साली ती मायदेशी आणली. दुरुस्ती झाली. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच गाडी, एसएनएक्स ८९१ हीच नंबरपाटी लावून, सिंगापूरहून लंडनकडे निघाली! ८७ वर्षांचे स्लेसर आजोबा तिच्याबरोबर जाणार होते, पण ऐन वेळी आजारी पडले. त्यांच्या जागी नातू नॅट बसला. डिसेंबरमध्ये गाडी लंडनला पोचली. मला यातलं हे सगळ्यात आवडलं. काचेमागे ठेवण्यासाठी आणली असती तर ती नुसती मूर्ती झाली असती.

पण ‘घरी आणली’ म्हणजे कुठे आणली? आपल्या भाषेत सांगायचं तर इंग्लंड तिचं माहेर. संसार मात्र तिने बेटांवर केला. लंडन ते सिंगापूर प्रवास सहा महिन्यांचा, बेटांवरचा मुक्काम कित्येक दशकांचा. त्या सहा महिन्यांवर पुस्तक आहे, फिल्म आहे. उरलेल्या वर्षांत तिच्यातून कोण बसून गेलं, काय ओझं वाहिलं, चढावर बंद पडल्यावर कोणी कशाने जुळवून परत चालू केली, याला दोन-चार ओळीसुद्धा मिळत नाहीत. आणि ती माणसं नसती तर आणायला उरलं काय असतं?

अशा व्यवहारात आपण लोखंडाचे पैसे मोजतो, आणि गोष्ट फुकट मिळते असं समजतो. खरं तर उलट आहे. लोखंड बदलता येतं. विकणाऱ्याच्या डोक्यातली गोष्ट एकदा गेली की गेली.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी परदेशातली, किंवा अगदी शेजारच्या तालुक्यातली जुनी जीप घ्यायला निघालात, तर एक करा. कागदांवर सही झाल्यावर लगेच उठू नका. चहा मागवा, वही काढा, आणि विचारा, ‘काका, हिने तुमच्याकडे काय काय केलं?’ सांगतील ते लिहून घ्या. माहेरी परत आलेल्या लेकीला आपण सासरच्या माणसांबद्दल विचारतोच की!