जुनी होडी घेण्यापूर्वी : सर्व्हेमध्ये नेमके काय तपासतात?

शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. तिथे जाणकार माणूस घोड्याचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो जबडा उघडून दातांवरून वय ओळखतो, खूर उचलून पाहतो, घोडा चालवून आणि पळवून बघतो. जुनी होडी घेतानाही हेच करावे लागते. फरक एवढाच, की होडीचे दात तळाला असतात आणि तळ पाण्याखाली असतो. म्हणून तिची तपासणी जाणकाराकडून करून घेतात. या तपासणीला सर्व्हे म्हणतात.

शहाद्याला याची गरज का?

सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन्ही ठिकाणी तापीवर बॅरेज आहेत. उत्तरेला सातपुड्यापलीकडे, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सरदार सरोवराचे पाणी पसरले आहे. मासेमारी, गळाने मासे धरण्याची हौस किंवा ये-जा, कशासाठीही या भागात इंजिनाची मोठी होडी हवी असेल, तर जुनी होडी किनाऱ्यावरून आणण्याचा विचार मनात येतो. पण किनारा दूर आहे. ट्रेलरवर चढवून इथवर आणलेली होडी सदोष निघाली, तर परत नेण्याचा खर्चही घेणाऱ्याच्याच माथी. त्यामुळे सर्व्हे व्हायला हवा तो होडी जिथे उभी आहे तिथेच, आणि पूर्ण रक्कम देण्याआधी.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत भाविकांची होडी उलटून जीवितहानी झाली. होडी किती भार पेलते, हे अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नव्हे.

सरकारी प्रमाणपत्र असताना वेगळा सर्व्हे कशाला?

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यानुसार नदी-जलाशयात चालणाऱ्या यांत्रिक नौकेला सर्व्हे प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते. पण ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी नौका नियमांत बसत होती एवढेच सांगते. मागितलेली किंमत रास्त आहे का, पुढच्या दोन वर्षांत किती खर्च निघेल, हे त्यात नसते. ते सांगतो खरेदीदाराचा सर्व्हे. म्हणून सर्व्हेअर घेणाऱ्याने स्वतः नेमावा आणि त्याचे शुल्कही स्वतः द्यावे. विकणाऱ्याने किंवा दलालाने आणलेला माणूस या कामाचा नाही.

समुद्रातील मच्छीमार नौका म्हणून झालेली नोंद नदीत तशीच चालेल, असे गृहीत धरू नये. नोंदणी कार्यालयात आधी लेखी विचारावे. होडीवर कर्जाचा बोजा आहे का आणि इंजिनचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हेही पाहावे.

तळाची तपासणी

होडी पाण्याबाहेर काढून, तळ धुऊन तपासतात. सर्व्हेअर छोट्या हातोडीने इंचाइंचावर ठोकत जातो. चांगला भाग ठणठणीत वाजतो. आतून कुजलेले लाकूड किंवा थर सुटलेले फायबर भद्द आवाज करते. फायबरमध्ये मुरलेला ओलावा मापकाने मोजतात आणि तळावरचे फोड शोधतात.

फायबरची होडी कुजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. अनेक फायबरच्या होड्यांत तळाच्या आडव्या-उभ्या आधारांत आणि इंजिन बसवायच्या मागच्या फळीत लाकूड असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की ते लाकूड आतल्या आत कुजते, वरचा रंग मात्र चकचकीतच राहतो. अमेरिकेत हौशी मासेमारीसाठी बांधलेल्या १९६० च्या दशकातील फायबर नौकांना आजही गिऱ्हाईक आहे, पण तिथेही सर्व्हेअर सर्वांत आधी हेच आधार तपासतो.

लाकडी होडीत समुद्री किड्याची भीती असते. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र दिसते, आत फळी पोकळ झालेली असते.

खारे पाणी, गोडे पाणी

समुद्राची होडी तापीत आणताना तीन गोष्टी बदलतात. एक, खारे पाणी लाकडाला काही प्रमाणात कुजण्यापासून वाचवते, गोड्या पाण्यात मात्र कुजवणारी बुरशी लवकर वाढते. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात जगत नाही, पण त्याने केलेली पोकळी तशीच राहते आणि तिथून कूज सुरू होते.

दोन, खाऱ्या पाण्यात पंखा आणि शाफ्ट गंजू नयेत म्हणून जस्ताचे तुकडे लावतात. ते आधी झिजतात आणि बाकीचा धातू वाचतो. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लागते.

तीन, समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. समुद्रात भारासह चार टन वजनाची होडी ज्या रेषेपर्यंत बुडते, त्याच रेषेपर्यंत नदीत ती जवळपास १०० किलो कमी वजन पेलते. म्हणजे दीड-दोन माणसे कमी.

इंजिन आणि पाण्यावरची चाचणी

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर सुरू होताना होणारा त्रास लपतो. गरम झाल्यावरही काळा धूर राहिला तर इंधन नीट जळत नाही, निळा राहिला तर तेल जळते आहे, आणि सतत पांढरा असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची किंवा इंधन न जळता बाहेर पडत असण्याची शक्यता असते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर त्यातील धातूच्या कणांवरून झीज कळते.

मग होडी पाण्यात चालवतात. पूर्ण वेगात इंजिन ठरलेले फेरे घेते का, शाफ्ट थरथरतो का, सुकाणू दोन्ही बाजूंना सारखे वळते का, परत आल्यावर तळात किती पाणी साचले, याची नोंद होते.

अहवाल हाती आल्यावर

चांगला अहवाल दोष तीन गटांत मांडतो : पाण्यात उतरण्याआधी दुरुस्त करायचे, लवकर करायचे आणि सावकाश केले तरी चालतील असे. पहिल्या गटाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. सर्व्हे ही हमी नव्हे. मालकाच्या परवानगीशिवाय सर्व्हेअर फळ्या उचकटू शकत नाही, त्यामुळे काय पाहता आले नाही, हेही अहवालात लिहून घ्यावे.

विसार देतानाच ‘सर्व्हे समाधानकारक नसेल तर रक्कम परत’ अशी अट कागदावर घालावी. ती घालायला विकणारा तयार नसेल, तर त्यातूनही होडीबद्दल बरेच कळते.