कॅमेरा दोनची कुळकथा

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळालं. वरळीहून निघणाऱ्या लहरी सरळ रेषेत जायच्या आणि वाटेत डोंगर आला की अडायच्या. मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा, म्हणून पुण्यासाठी १९७३मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावं लागलं. मांडवा, किहीम, अलिबागला तसलं काही लागलं नाही. वरळीच्या आणि आमच्या मध्ये बहुतेक सगळं पाणीच. कौलांच्या वर बांबूला अँटेना बांधायची, तोंड उत्तरेला करायचं, की मुंबईचं चित्र थेट पडवीत. खारा वारा त्या अँटेनाचे सांधे खाऊन टाकायचा, तेवढी एक डोकेदुखी.

‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘चिमणराव’ यांतली माणसं अशी या किनाऱ्यावर घरच्यासारखी ओळखीची झाली. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे ही निर्मात्यांची नावंही प्रेक्षकांच्या तोंडी बसली. कॅमेऱ्याच्या पुढची माणसं दिसली, श्रेयनामावलीतली नावं वाचली. चाकांच्या जड कॅमेऱ्याला दोन्ही हातांनी धरून, कानाला हेडफोन लावून तासन् तास उभी असलेली माणसं मात्र नजरेआड राहिली. ती काय करत होती, आणि आज स्टुडिओत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तेच सगळं का शिकवतात, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आधी आजचा स्टुडिओ बघू. रेवसच्या लाँचने किंवा वडखळवरून एसटीने मुंबई-पुण्याला शिकायला गेलेली आमच्याकडची मुलंमुली माध्यमाच्या अभ्यासक्रमात शिरली, की केव्हातरी स्टुडिओचा सराव येतोच. साधा मुलाखतीचा कार्यक्रम असतो. दोन खुर्च्या, मागे रंगवलेला फ्लॅट, वर लाइट्स. कॅमेऱ्यांना डावीकडून उजवीकडे एक, दोन, तीन असे आकडे. डावीकडचा एक नंबर उजवीकडच्या पाहुण्याला पाहतो, उजवीकडचा तीन नंबर डावीकडच्या मुलाखतकाराला, आणि मधला दोन नंबर दोघांना मिळून. पाहणाऱ्याला सरळ वाटतं, पण नजरा तिरक्या कापत जातात, तेव्हाच पडद्यावर दोन माणसं एकमेकांकडे बघून बोलतायत असं दिसतं. एक नंबरने जवळच्या माणसाचा शॉट घेतला तर नुसता कान दिसेल.

कॅमेरा दोनवर उभ्या असलेल्या मुलीचे हात बघा. उजव्या दांड्यावर अंगठ्याखाली झूमचं बटण, डाव्या दांड्यावर पिळायची फोकसची मूठ. लेन्सचं छिद्र किती उघडायचं, रंग कसा ठेवायचा, हे तिच्या हातात नाही. ते आतल्या खोलीत सीसीयूवर, म्हणजे कॅमेरा कंट्रोल युनिटवर, बसलेला इंजिनिअर पाहतो. पाहुणा येऊन बसला की ती आधी झूम शेवटपर्यंत आत नेते, डोळ्यांवर फोकस मारते, मग मागे येऊन चौकट लावते. असं केलं की नंतर कितीही आत गेलं तरी फोकस सुटत नाही. हे सगळं तिच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझलेला असताना उरकायचं. टॅलीचा तो दिवा पेटला, म्हणजे तिचं चित्र बाहेर गेलं. आता हात स्थिर.

कानात दिग्दर्शकाचा आवाज चालू असतो. ‘दोन, टू शॉट दे. तीन, तयार राहा. तीन, टेक. दोन, थोडी सैल हो.’ तिला उलट बोलायची मुभा नसते, कारण बाजूच्या माइकवर मुलाखत चालू आहे. म्हणून होकार द्यायचा तर कॅमेरा किंचित वरखाली, नकार द्यायचा तर किंचित डावी-उजवीकडे. आत पॅनेलवर तीन मॉनिटरपैकी एकातलं चित्र मान डोलावतं आणि दिग्दर्शकाला उत्तर पोचतं. मला या सगळ्या कामातली ही खूण सर्वांत आवडते. बोलता येत नाही म्हणून माणसाने यंत्राकडूनच मान हलवून घेतली.

यातली एकही गोष्ट शिक्षकांनी शिस्तीपोटी बसवलेली नाही. प्रत्येकीमागे एक जुनी अडचण आहे.

२ नोव्हेंबर १९३६ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने दूरचित्रवाणीचं नियमित प्रसारण सुरू केलं. बेअर्डची २४० रेषांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत, अशा दोन पद्धती आलटूनपालटून चालायच्या. काही महिन्यांत दुसरीच टिकली. तिच्या कॅमेऱ्याचं नाव एमिट्रॉन. चालवणाऱ्याला त्याच्या भिंगातून दिसणारं चित्र उलटं असायचं, डोकं खाली, पाय वर. त्या उलट्या चित्रावरून नटाच्या मागे कॅमेरा फिरवायचा, आणि तोही चालू प्रसारणात. १२ मे १९३७ला सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक त्यांनी हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून तीन कॅमेऱ्यांनी घराघरांत पोचवली.

चित्र पाठवायचं यंत्र १९३६मध्ये होतं, ते चुंबकीय फितीवर साठवायचं नव्हतं. अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेपचं यंत्र दाखवलं ते एप्रिल १९५६मध्ये. मधल्या काळात मॉनिटरवरचं चित्र फिल्मवर टिपून ठेवायची सोय आली, पण ती प्रत ठेवण्यापुरती; बिघडलेला शॉट परत घेऊन जोडायला तिचा उपयोग नव्हता. स्टुडिओतल्या कॅमेरा ऑपरेटरचा सगळा धंदा या वीस वर्षांच्या पोटात जन्मला. नाटक असो, गाणं असो, बातम्या असोत, जे झालं ते गेलं. संकलन प्रसंग चालू असतानाच करायचं, आणि तेही कॅमेऱ्यांमध्ये निवड करून. एक कॅमेरा बाहेर असताना दुसऱ्याने पुढची चौकट तयार ठेवली नाही, तर दिग्दर्शकाला जायला जागाच नाही. ‘तयार राहा’ या दोन शब्दांचं वजन तिथून आलंय.

लाल दिव्याच्या शिस्तीमागेही असंच एक कारण आहे. झूम लेन्स रुळण्याआधी स्टुडिओ कॅमेऱ्याच्या तोंडाशी फिरती चकती असायची आणि तिच्यावर लहानमोठी चार भिंगं. जवळचा शॉट हवा तर चकती फिरवून दुसरं भिंग समोर आणायचं. ते फिरताना चित्राची भिरभिर होई, म्हणून कॅमेरा बाहेर असताना चकतीला हात लावायचा नाही. फ्रँक बॅक यांची झूमर लेन्स १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन दूरचित्रवाणीत आली, पुढे चकत्या इतिहासजमा झाल्या. नियम राहिला. आजही शिक्षक सांगतात, दिवा पेटलेला असताना सांगितल्याशिवाय झूम करू नकोस. विद्यार्थ्याला वाटतं हा सौंदर्याचा नियम आहे. तो आता तसा झाला आहे हे खरं, पण मुळात तो चार भिंगांच्या चकतीचा नियम.

कॅमेऱ्याच्या बाजूला लटकवलेलं शॉटकार्डही त्याच घरातलं. पूर्ण संहितेतले सगळे शॉट सलग क्रमांकाचे; कार्डावर फक्त आपल्या कॅमेऱ्याचे. १४, १७, १९. मधले १५, १६, १८ दुसऱ्यांचे, आणि तेवढाच आपल्याला जागा बदलायला मिळणारा वेळ. पाठ करण्यापेक्षा हे मधले आकडे नीट वाचणारा ऑपरेटर चांगला निघतो, असं माझं ठाम मत आहे.

ही परंपरा भारतात आली १५ सप्टेंबर १९५९ला, दिल्लीत, आकाशवाणी भवनातल्या तात्पुरत्या स्टुडिओत. त्या आरंभीच्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडे होते. बीबीसीत जाऊन त्यांनी या माध्यमाचं शिक्षण घेतलं होतं आणि दिल्ली दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखतही घेतली. १९६१मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी धडे सुरू झाले. म्हणजे आपल्याकडे स्टुडिओचा कॅमेरा अगदी लवकर वर्गाकडे वळला. मुंबई उघडेपर्यंत पुढची अकरा वर्षं गेली, आणि त्याच्या आधीच केंद्रं वाढायची तर चालवणारी माणसं हवीत हे दिसू लागलं.

म्हणून १९७१मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी प्रशिक्षण केंद्र निघालं आणि १९७४मध्ये ते पुण्याला, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आलं. संस्थेच्या नावातही ‘टेलिव्हिजन’ शिरलं. ही जागा प्रभातची. १९३३ला कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने जिथे चित्रपट काढले, तिथेच शेजारी तीन कॅमेऱ्यांचा स्टुडिओ उभा राहिला. एकाच आवारात दोन घराणी. सिनेमाचा विद्यार्थी एक शॉट लावतो, त्या एका शॉटपुरता उजेड रचतो, तो मनासारखा मिळेपर्यंत थांबतो. टीव्हीवाल्याला उजेड असा रचावा लागतो की तीन बाजूंनी एकाच क्षणी पाहिलं तरी चेहरा चेहऱ्यासारखा दिसावा. सिनेमाचा छायालेखक ‘माझी फ्रेम’ म्हणू शकतो. कॅमेरा दोनवरची व्यक्ती तसं म्हणू शकत नाही. तिने उत्तम चौकट लावली तरी दिग्दर्शक तीनवर गेला तर ती चौकट कोणीच पाहत नाही. म्हणून हे काम दुय्यम मानायची सवय पडली. मला ती सवय मुळीच मान्य नाही. कोणी पाहील याची खात्री नसताना तास-दीड तास दर सेकंदाला पाहण्याजोगं चित्र लावून ठेवायचं, यासाठी वेगळ्याच कुवतीचा माणूस लागतो.

पुण्याच्या केंद्रात आधी दूरदर्शनचेच कर्मचारी शिकत. विद्यापीठांच्या आवारात स्टुडिओ आले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या शैक्षणिक मालिकेमुळे; १५ ऑगस्ट १९८४ला तिचं प्रसारण सुरू झालं आणि पुणे विद्यापीठातलं माध्यम केंद्र तिच्यासाठी कार्यक्रम करू लागलं. त्याच वर्षी पुण्यात शाळकरी मुलांसाठी बालचित्रवाणी निघाली. ती २०१७मध्ये बंद झाली, याचं दुःख मला अजून आहे.

आजच्या स्टुडिओकडे परत येऊ. विद्यार्थी सरावात कामं फिरती ठेवतात. आज कॅमेरा, पुढच्या वेळी फ्लोअर मॅनेजर, मग पॅनेलवर दिग्दर्शक. जो एकदा कॅमेऱ्यावर उभा राहिलाय, तो दिग्दर्शक झाल्यावर लाल दिवा पेटायच्या एक सेकंद आधी ‘दोन, क्लोज दे’ असं ओरडत नाही. कोळीवाड्यातल्या मुलांना ही व्यवस्था लवकर उमगते, असं मी पाहत आलो आहे. होडीवर तांडेल सगळं पाणी बघतो, खलाशाला हातातला दोर तेवढा दिसतो. हाक आली की दोर सुटतो, ‘का’ विचारायला वेळ नसतो. स्टुडिओतही तिन्ही चित्रं फक्त एकाच माणसासमोर असतात.

आता हे काम समुद्र ओलांडून आमच्याकडे परत आलं आहे, आणि तेही स्टुडिओशिवाय. भात कापून झालं की उरण, पेण, अलिबाग, मुरूडकडे गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पुळणीवर बैलगाडी शर्यतीही पुन्हा धावू लागल्या. दोन्हींचं यूट्यूबवर थेट प्रसारण चालतं. बोलरच्या पाठीमागे बांबूच्या माचाणावर एक कॅमेरा, आडव्या बाजूने दुसरा, कुठे धावफलकावर तिसरा. मांडवातल्या टेबलावर लॅपटॉप, त्यावर व्हीमिक्ससारखं सॉफ्टवेअर, तेच पॅनेल. समालोचन आगरी बोलीत. मुंबईत, सुरतेत, आखातात कामाला गेलेली गावची माणसं मोबाइलवर सामना बघतात.

माचाणावरच्या पोराला शिकवणारं कोणी भेटलेलं असतंच असं नाही, पण अडचण १९३६चीच आहे. चेंडू एकदाच पडतो, बैल एकदाच रेषा ओलांडतात. म्हणून उपायही त्याच वळणाचे निघतात. टॉकबॅकच्या जागी फोनचा कॉन्फरन्स कॉल, एका कानात इअरफोन. टॅलीच्या जागी कॅमेऱ्याला रबराने बांधलेला जुना मोबाइल. लॅपटॉपवर त्या कॅमेऱ्याचं चित्र निवडलं की मोबाइलचा पडदा लाल होतो, पुढची पाळी असली की हिरवा. एप्रिलच्या उन्हात पुळणीवर तो लाल दिसत नाही, तेव्हा पुठ्ठ्याची खोळ करून बसवतात. फोनवरचा आवाज किंचित मागून पोचतो, हे पॅनेलवरच्याने ओळखलेलं असतं. बैल शेवटच्या झेंड्याशी यायच्या जरा आधीच तो सांगून ठेवतो, ‘दोन, रेषेवर थांब.’